लॅबव्ह्यू: चार स्टेशनच्या चार खिडक्या एकाच वेळी चालवायच्या आहेत, मुख्य पडदा अडकतो

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे, शिरोली एमआयडीसीत, पाण्याच्या पंपांची चाचणी होते. चार स्टेशनं आहेत आणि प्रत्येकावर तीन सिग्नल: दाब, प्रवाह आणि मोटरचा करंट. लॅबव्ह्यूमधला (मोजमापासाठीचे प्रोग्राम आकृती काढून बनवायचं सॉफ्टवेअर) जुना प्रोग्राम एकाच स्टेशनपुरता होता. आता चारही स्टेशनं एका संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलंय. मी मूळचा मेकॅनिकलचा, लॅबव्ह्यू गेल्या दिवाळीपासून शिकतोय.

मुख्य पडद्यावर चार बटणं ठेवली आहेत. बटण दाबलं की त्या स्टेशनचा सबव्हीआय (लॅबव्ह्यूच्या प्रोग्रामला व्हीआय म्हणतात, त्याने बोलावलेला छोटा प्रोग्राम म्हणजे सबव्हीआय) आपली खिडकी उघडतो आणि चाचणी सुरू होते. पहिलं स्टेशन छान चालतं. पण ते चालू असताना दुसऱ्याचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, बटण दबलेलंही दिसत नाही. पहिली चाचणी संपवून ती खिडकी बंद केली की दुसरी खिडकी आपोआप उघडते. एक चाचणी ४० मिनिटांची. म्हणजे तोवर बाकीची तीन स्टेशनं नुसती उभी.

स्टेशन १ ते ४ असे सबव्हीआयच्या चार प्रती करून पाहिल्या, तरी तेच. एकाच वेळी चार खिडक्या चालतील असं काय करायचं?

वायरमन

सबव्हीआय इव्हेंट स्ट्रक्चरच्या (कुठलं बटण दाबलं की काय करायचं ते ठरवणारी चौकट) केसमध्ये, म्हणजे तिच्या एका कप्प्यात, ठेवला आहेस ना? मग दुसरं काही होणारच नाही. केसमधलं सगळं संपल्याशिवाय ती केस संपत नाही आणि केस संपल्याशिवाय व्हाइल लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारं चक्र) पुढच्या फेरीला जात नाही. सबव्हीआय ४० मिनिटं चालतो, म्हणजे मुख्य लूपही ४० मिनिटं तिथेच थांबलेला असतो. मधल्या काळात दाबलेली बटणं रांगेत पडून राहतात, म्हणून नंतर खिडकी 'आपोआप' उघडल्यासारखी वाटते.

'एडिट इव्हेंट्स'मध्ये केस संपेपर्यंत पॅनेल लॉक करायची खूण मुळातच लावलेली असते. ती काढलीस तर बटण दबलेलं दिसेल, पण काम तरीही पुढे सरकणार नाही. तिथे वेळ घालवू नकोस.

आणि सबव्हीआयच्या 'विंडो अपिअरन्स'मध्ये 'डायलॉग' निवडलेलं नाही ना, तेही बघ. तसं असेल तर ती खिडकी उघडी असेपर्यंत बाकीच्या खिडक्यांवर क्लिकच होत नाही.

साधामाणूस

मी बँकेत नोकरी करतो, यातलं काही कळत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. वायर, खिडकी, केस... यात कोड लिहायचाच नसतो का?

गोदाकाठ

@साधामाणूस, कोड असतो, पण चितारलेला. डायग्रामवर चौकोन ठेवायचे आणि वायरींनी जोडायचे. कुठला चौकोन कधी चालणार हे वरून खाली वाचून ठरत नाही. त्याला लागणारा सगळा डेटा वायरींतून पोचला की तो चालतो. स्वयंपाकासारखंच बघा. कुकर लावलेला असताना कणीक मळता येते, कारण कणकेला कुकरमधलं काही लागत नाही. पण तेल तापल्याशिवाय मोहरी टाकता येत नाही. लॅबव्ह्यूत ज्या दोन गोष्टींमध्ये वायर नाही, त्या आपोआप समांतर चालतात. बाकीच्या भाषांत समांतर चालवायला खास खटाटोप लागतो, इथे क्रम लावायला वायर ओढावी लागते.

@पंचगंगाकाठ, वायरमन म्हणताहेत ते बरोबर. तुमची चारही स्टेशनं एकाच लूपच्या पोटात आहेत, म्हणून एकामागून एक चालतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मुख्य डायग्रामवर चार वेगळे व्हाइल लूप शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येकात एक स्टेशन. आणि प्रत्येक लूपमध्ये 'वेट' ठेवायला विसरू नका, १०० मिलिसेकंदांचा चालेल. मोकळा लूप प्रोसेसरचा एक कोअर एकटा खाऊन टाकतो. चार लूप म्हणजे चार कोअर.

वायरमन

चार लूप चालतील, पण उद्या सहा स्टेशनं झाली तर? योग्य रस्ता म्हणजे 'स्टार्ट असिंक्रोनस कॉल'. २०११ च्या आवृत्तीपासून आहे. 'ओपन व्हीआय रेफरन्स'ने स्टेशनच्या व्हीआयचा रेफरन्स (त्याच्याकडे बोट दाखवणारी खूण) उघडायचा, टाइप स्पेसिफायर जोडायचा, ऑप्शन्समध्ये हेक्स ८० द्यायचा आणि असिंक्रोनस कॉलला वायर न्यायची. हेक्स ८० म्हणजे 'सोड आणि विसर'. मुख्य लूप त्याच्यासाठी थांबत नाही. निकाल परत हवा असेल तर हेक्स १००, 'सोड आणि गोळा कर'. तुला ८० पुरेल.

चार प्रतीही लागणार नाहीत. एकच स्टेशन व्हीआय ठेव, प्रॉपर्टीजमध्ये त्याला रीएंट्रंट (एकाच वेळी अनेकांना वापरता येईल असा) कर, 'शेअर्ड क्लोन' निवड आणि ऑप्शन्समध्ये ८० सोबत हेक्स ४० मिळव, म्हणजे सी०. प्रत्येक कॉलला त्याचा वेगळा क्लोन (चालती प्रत) मिळेल, स्वतःच्या डेटासह. कनेक्टर पेनवर स्टेशन क्रमांक इनपुट म्हणून दे. खिडकी उघडायचं काम क्लोनलाच सांग: सुरुवातीला स्वतःच्या रेफरन्सवर 'फ्रंट पॅनेल ओपन' मेथड (फ्रंट पॅनेल म्हणजे व्हीआयचा दिसणारा पडदा).

गोदाकाठ

चार प्रती ठेवू नका, याला माझं दोन हातांनी अनुमोदन. आमच्याकडे तीन ओव्हनच्या तीन प्रती होत्या. तापमानाच्या दुरुस्तीचं सूत्र बदललं, ते दोन प्रतींत गेलं, तिसरीत राहिलं. अडीच महिने तिसऱ्या ओव्हनचे अहवाल चुकीचे निघत होते. ते सगळे नग परत तपासताना मी रोज रात्री साडेनऊला घरी पोचायची.

पण सगळंच रीएंट्रंट करू नका. अहवालाचा अनुक्रमांक देणारा छोटा व्हीआय असेल, तर तो मुद्दाम नॉन-रीएंट्रंटच ठेवा. तो एका वेळी एकालाच आत घेतो, दुसरा दाराशी थांबतो. तिथे तेच हवं असतं. ग्लोबल व्हेरिएबलमधून (सगळ्या व्हीआयना वाचता-लिहिता येणारी एकच जागा) क्रमांक वाचायचा, एक मिळवायचा आणि परत लिहायचा असं केलंत, तर दोन स्टेशनं एकाच क्षणी वाचतील आणि दोन पंपांना एकच नंबर जाईल. वर्षातून चारदा घडणारी ही चूक असते, त्यामुळे तपासताना कधी सापडत नाही.

भोसरीकर काका

मंडळी, तुम्ही खिडक्यांबद्दल बोलताय. मला आधी सांगा, डेटा घेणारी कार्डं किती?

पंचगंगाकाठ

काका, कार्ड एकच आहे, यूएसबीचं. १६ चॅनेल, त्यातले १२ वापरतो.

वायरमन, गोदाकाठ ताई, खूप आभार. आज रात्री बसतो.

भोसरीकर काका

मग आज रात्री तुला एरर दिसणार आहे: उणे ५०१०३. रिसोर्स राखीव आहे असं सांगेल. एका कार्डावर अॅनालॉग इनपुटचा (सेन्सरचे सिग्नल वाचायचा) एका वेळी एकच टास्क, म्हणजे वाचायचं एकच काम, चालतो. तुझे चार क्लोन आपापला टास्क सुरू करायला जातील, पहिला सुरू होईल आणि बाकी तिघांना नकार मिळेल. चॅनेल वेगळे असले तरी फरक पडत नाही, कारण आतलं रूपांतर करणारं यंत्र आणि त्याचं घड्याळ सगळ्यांना मिळून एकच आहे.

मी लॅबव्ह्यू चौथ्या आवृत्तीपासून वापरतोय. १९८६ मध्ये पहिली आवृत्ती मॅकिंटॉशवर आली तेव्हाही दोन लूप शेजारी ठेवले की दोन्ही चालत, पण लॅबव्ह्यू स्वतःच त्यांना आळीपाळीने वेळ वाटून द्यायचं. खरे मल्टिथ्रेड आले पाचव्या आवृत्तीत, १९९८ ला. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांचे चालते प्रोग्राम चुकू लागले, कारण आळीपाळीत नकळत जो क्रम सांभाळला जायचा तो गेला. तेव्हापासून कुठल्याही नव्या कामात माझा पहिला प्रश्न एकच: वस्तू एक आणि मागणारे अनेक असतील, तर तिचा मालक कोण?

मीरा_स्टुटगार्ट

काकांचा प्रश्न अगदी मुळाला हात घालतो. @पंचगंगाकाठ, डेटा घेणारा लूप एकच ठेव. तो सगळे १२ चॅनेल एका टास्कमध्ये वाचेल, स्टेशनप्रमाणे तीन-तीनचे गठ्ठे करेल आणि प्रत्येक स्टेशनच्या वेगळ्या क्यूमध्ये (आधी टाकलेलं आधी निघणारी रांग) टाकेल. स्टेशनच्या खिडक्या कार्डाला हातही लावणार नाहीत, त्या फक्त स्वतःच्या क्यूमधून घेतील. चाचणी चालू नसलेल्या स्टेशनचे गठ्ठे टाकू नकोस, नाहीतर त्या क्यू भरत जातील आणि मेमरी वाढत राहील.

आणखी एक. चार क्लोन आणि डेटा घेणारा लूप यांच्यात लोकल-ग्लोबल व्हेरिएबलची देवाणघेवाण करू नकोस. क्यूमध्ये टाकलेलं हरवत नाही. ग्लोबलमध्ये लिहिलेलं वाचायच्या आत पुसलं जाऊ शकतं.

पाटीलबुवा

थोडा वेगळा सूर लावतो. मुळात चार खिडक्या हव्यातच कशाला? शॉपफ्लोअरवर एकच मॉनिटर असतो. चार खिडक्या म्हणजे एकीखाली दुसरी झाकली जाणार, आणि हातमोजे घातलेला ऑपरेटर तिसऱ्याऐवजी दुसऱ्या स्टेशनचं 'थांबवा' दाबणार. मी असं होताना पाहिलंय, अर्ध्यावर आलेली चाचणी गेली. एकच पडदा करा, त्याचे चार भाग करा आणि प्रत्येक भागात एक सबपॅनेल (दुसऱ्या व्हीआयचा पडदा आत दाखवणारी चौकट). वायरमन सांगतात तेच क्लोन चालवा, फक्त त्यांचं फ्रंट पॅनेल स्वतंत्र खिडकीत न उघडता सबपॅनेलमध्ये बसवा. 'इन्सर्ट व्हीआय' मेथड आहे त्यासाठी.

वायरमन

@पाटीलबुवा, मला हे तितकं पटत नाही. दोन मॉनिटर असतील, तर एक खिडकी ओढून दुसरीकडे ठेवता येते, सबपॅनेलला ती सोय नाही. आणि एका पडद्यावर चार आलेख म्हणजे प्रत्येकाला पाव जागा. दाबाचा आलेख बारकाईने बघायचा असेल तर पाव जागेत काय दिसणार?

गोदाकाठ

ऑपरेटरला आलेख बारकाईने बघायचा नसतो, वायरमन. त्याला हिरवा की लाल एवढंच हवं असतं. आलेख क्वालिटीवाल्यांना लागतो, तोही नंतर. मी पाटीलबुवांच्या बाजूने. चार भाग कायम समोर, आणि कुठल्या भागावर क्लिक केलं तर त्या स्टेशनची मोठी खिडकी.

वायरमन

ही तडजोड मान्य. क्लिकवर मोठी खिडकी असेल तर माझी हरकत नाही.

शाळामास्तर

मी सांगली जिल्ह्यात सातवीच्या मुलांना स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा) शिकवतो. तुमच्या पंपांशी माझा संबंध नाही, पण पहिला प्रश्न वाचून खुर्चीत सरसावून बसलो. स्क्रॅचमध्ये 'ब्रॉडकास्ट' आणि 'ब्रॉडकास्ट अँड वेट' असे दोन ठोकळे असतात. पहिल्यात निरोप पाठवून पुढे जायचं, दुसऱ्यात निरोप ऐकणाऱ्यांचं सगळं काम होईपर्यंत थांबायचं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दुसरा ठोकळा लावतात आणि "सर, मांजर अडकलं" म्हणून येतात. पंचगंगाकाठ यांच्या मुख्य पडद्याचं तेच झालंय ना?

स्क्रॅचमध्ये हिरव्या झेंड्याखाली दोन रांगा ठेवल्या की दोन्ही एकदम चालतात. मुलांना याचं काडीचंही नवल वाटत नाही. क्रमाने चालणाऱ्या भाषा नंतर शिकवल्या की त्याचं मात्र वाटतं.

मीरा_स्टुटगार्ट

मास्तर, किती नेमकं सांगितलंत! माझ्या मुलीकडे लेगोचा ईव्ही३ रोबो होता. त्याचं मूळ सॉफ्टवेअर लॅबव्ह्यूवरच बांधलेलं. तिने दोन स्टार्ट ठोकळे लावले: एक रांग गाडी पुढे नेणारी, दुसरी सेन्सर बघून मागे नेणारी. दोन्ही रांगा त्याच मोटरला हुकूम देत होत्या. गाडी जागेवरच थरथरत राहिली. मी तिला काकांचा प्रश्न विचारला असता, तर पाच मिनिटांत सुटलं असतं. आम्ही दोघींनी अख्खा रविवार घालवला.

पंचगंगाकाठ

आठ दिवसांनी हजर होतोय. उणे ५०१०३ पहिल्याच रात्री दिसला, काका! मग मीराताईंनी सांगितलं तसा एकच वाचणारा लूप केला. चार क्लोन चालतात, बटणं लगेच दबतात. पहिल्यांदा चारही आलेख एकदम सरकताना पाहिले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. वॉचमनला बोलावून दाखवले.

आता नवी अडचण. मुख्य पडद्यावर 'सगळं बंद' बटण आहे. ते दाबलं की 'थांब' असा निरोप मी एका क्यूमध्ये टाकतो आणि चारही खिडक्या त्या क्यूवर कान लावून आहेत. पण बंद होते एकच खिडकी. कधी पहिली, कधी चौथी. बाकी तीन चालूच.

वायरमन

क्यूमधला एक निरोप एकच जण उचलतो. ज्याने आधी उचलला तो थांबला, बाकीच्यांसाठी काही उरलंच नाही. चौघांना सांगायचं असेल तर नोटिफायर वापर, त्यावर थांबलेल्या सगळ्यांना निरोप मिळतो. किंवा युझर इव्हेंट (आपणच तयार केलेली घटना, इव्हेंट स्ट्रक्चरला कळणारी). युझर इव्हेंट घेतलास तर प्रत्येक क्लोनने स्वतःचं 'रजिस्टर फॉर इव्हेंट्स' आत करायचं. बाहेर एकदा करून तीच वायर चौघांना दिलीस तर पुन्हा घोळ.

डेटासाठी क्यू, 'थांब'साठी नोटिफायर. नोटिफायर फक्त शेवटचा निरोप लक्षात ठेवतो, म्हणून तिथून डेटा पाठवू नकोस.

भोसरीकर काका

त्या 'सगळं बंद'बद्दल माझं एक गंभीर सांगणं आहे. ते बटण चाचणी थांबवायला ठीक. पण मोटरचा पुरवठा तोडणारं लाल बटण पॅनेलवर, तारेने, कॉन्टॅक्टरला थेट जोडलेलं हवं. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या हाती माणसाचा हात देऊ नये. आहे ना तसं?

पंचगंगाकाठ

आहे काका, प्रत्येक स्टेशनला वेगळं, आणि आठवड्याला एकदा दाबून बघतात. विचारलंत म्हणून बरं वाटलं.

पंचगंगाकाठ

नोटिफायरने काम झालं, पण काल एक्झी (लॅबव्ह्यू न उघडता चालणारी फाइल) बनवली आणि दोन गोष्टी घडल्या. पहिली: एक्झीत बटण दाबलं की एरर ७, फाइल सापडत नाही. लॅबव्ह्यूच्या आत तोच प्रोग्राम नीट चालतो. दुसरी: मुख्य पडदा बंद करताना कधीकधी स्टेशनच्या खिडकीत एरर ११२२ येतो.

गोदाकाठ

एरर ७: तुम्ही स्टेशन व्हीआयचा पत्ता मजकूर म्हणून दिला असणार. एक्झी बांधताना लॅबव्ह्यू वायरीने जोडलेले व्हीआय शोधत जातं. मजकुरातलं नाव त्याला दिसत नाही, मग तो व्हीआय एक्झीत जातच नाही. बिल्डमध्ये 'ऑल्वेज इन्क्लुडेड'मध्ये टाका. किंवा त्याहून चांगलं, डायग्रामवर 'स्टॅटिक व्हीआय रेफरन्स' ठेवा आणि व्हीआयचं नाव त्यातूनच घ्या, म्हणजे बिल्डलाही तो दिसतो.

मीरा_स्टुटगार्ट

११२२ म्हणजे क्यूवर थांबलेला असतानाच क्यू नाहीशी झाली. ज्या व्हीआयने क्यू तयार केली तो थांबला की लॅबव्ह्यू ती मोडून टाकतं. असिंक्रोनस कॉलने सोडलेले क्लोन मुख्य पडद्यापेक्षा जास्त काळ जगू शकतात, आणि मुख्य पडदा गेला की त्यांच्या हातातली क्यूही जाते. म्हणून मुख्य पडद्याने शेवटी जायचं. त्याने 'थांब' पाठवावं, चौघांकडून "थांबलो" असा उलट निरोप येईपर्यंत वाट पाहावी, आणि मगच क्यू सोडून स्वतः बंद व्हावं. वाट पाहायला टाइमआउट ठेव, पाच सेकंदांचा वगैरे, नाहीतर एक क्लोन अडकला की बंदच होणार नाही.

कुणी उलटंही करतं: ११२२ आला की तोच थांबण्याचा इशारा समजायचा. चालतं ते, पण मला आवडत नाही, कारण मग खरा एरर कुठला आणि मुद्दाम आणलेला कुठला हे कळत नाही.

साधामाणूस

म्हणजे लग्नघरासारखंच. यजमान शेवटच्या पाहुण्याला निरोप देऊन मगच हॉलची किल्ली परत करतो.

मीरा_स्टुटगार्ट

@साधामाणूस, हे मी सोमवारी आमच्या नव्या मुलांना जर्मनमध्ये सांगणार आहे!

पंचगंगाकाठ

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले. चारही स्टेशनं एका संगणकावर चालताहेत, पाटीलबुवांच्या सबपॅनेलच्या पद्धतीने, आणि भागावर क्लिक केलं की मोठी खिडकी. बंद करताना चार "थांबलो" येतात, मग मुख्य पडदा जातो. ११२२ पुन्हा दिसला नाही. कालच्या पाळीत ३१ पंप झाले. एका स्टेशनवर असताना १२ व्हायचे.

गोदाकाठ ताई, अनुक्रमांकाचा व्हीआय नॉन-रीएंट्रंट ठेवलाय. त्यावर डायग्राममध्ये मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवलंय, "हा रीएंट्रंट करू नये, कारण...", म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला कळेल.

एकच राहिलं. ऑपरेटर मामा म्हणतात, दाब मर्यादेबाहेर गेला की त्या स्टेशनची मोठी खिडकी आपोआप पुढे यावी. मी तसं करून पाहिलं, तर ते दुसऱ्या स्टेशनवर पंपाचा नंबर टाइप करत असताना खिडकी पुढे आली आणि अर्धा नंबर भलत्याच चौकटीत गेला.

गोदाकाठ

खिडकी पुढे आणू नका. त्या स्टेशनचा भाग जागच्या जागी लाल करा आणि भोंगा वाजवा. टाइप करणाऱ्या माणसाच्या हाताखालून पडदा काढून घ्यायचा नाही.

पंचगंगाकाठ

करतो. उद्या पहिल्या पाळीत मामांना विचारून भोंग्याचा आवाज ठरवतो. कंप्रेसर चालू असताना ऐकू आला पाहिजे.